बांधावरचा पांढरा कपडा

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकीवर. दोन हजार अकरा साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी फिरताना, म्हणजे ओहोटी संपून भरती लागताना. अपघात म्हणू नका. अपघात म्हणणारे तिथे नव्हते. मी होते.

पनवेलच्या खाडीत आमच्या गावच्या बाया ओहोटीला चिखलात उतरतात, बिळांत आकडी घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढतात. सगळं काम वाकून. पाण्याकडे बघायला मान वर होत नाही. म्हणून एक बाई खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर उभी राहायची. पाणी फिरलं की ती पांढरा कपडा हलवायची. कपडा दिसला की हातातली चिंबोरी सोडून निघायचं. नाही दिसला, तर अजून वेळ आहे. पिढ्यान् पिढ्या एवढाच नियम. काकी उतरली की बांधावर तिची धाकटी जाऊ.

मग बांधाला लागून मातीचा भराव आला, भरावाच्या एका टोकाला राहत्या घरांचा टॉवर उभा राहिला, बाकीच्या भागावर काम चालूच. बांधावर जायची वाट त्यांच्या पत्र्याच्या कुंपणात गेली, तिला फाटक आणि वॉचमन. भरावाने नाला बुजवला आणि भरती समोरून यायची ती मागून, कांदळवनातून शिरायला लागली. आम्ही पत्रकं वाटली, कचेरीत निवेदनं दिली. "बघतो," म्हणाले. काय बघितलं ते त्यांनाच ठाऊक.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर नजर ठेवायला गावागावांतून स्वयंसेवक घेतले होते, त्यात मी नाव दिलं होतं. नारिंगी जाकीट मिळालं, शिटी मिळाली आणि उभं राहायची जागा मिळाली: जेट्टीचं टोक. तिथून परकी बोट दिसते. चिखल दिसत नाही, मध्ये भराव.

काकी जाता जाता चिडवायची. "आली गो आमची फौजदारीण! चोर गावला तं पयला त्याला इचार, जेवलास का नाय!"

मी हवालदारांना म्हटलं, "साहेब, मला बांधावर उभं करा. तिथून बोटीही दिसतात आणि बायाही."

"आपल्याला बोटी बघायच्यात. बाया काय समुद्रातून हल्ला करणारेत का?"

सगळे हसले. झाला निर्णय.

त्या सकाळी काकी एकटीच उतरली तेव्हा जाऊ बांधावरच होती. नंतर ती धापा टाकत जेट्टीवर आली, कपडा हातातच.

"वॉचमननं मला खाली उतरवलं गो. फाटक लावलंन. थोरली आत हाय. तिला वाटतंय, मी हाय उभी!"

मी जागा सोडून पळाले, जाऊ मागोमाग. फाटकावर वॉचमन म्हणाला, "पास दिखाओ." मी जाकीट दाखवलं. "ये तो यहाँ सबके पास है." खरंच होतं. भरावावरच्या प्रत्येक कामगाराच्या अंगात तसलंच नारिंगी जाकीट. कुंपणाचा एक पत्रा सुटलेला होता, त्यातून मी घुसले आणि बांधावर चढले.

काकी वाकलेली. तोंड खाडीकडे, आणि पाणी मागून आलेलं, तिच्या आणि बांधाच्या मधल्या खोलगटीत, कांदळाआड तिला दिसणार नाही असं भरत चाललेलं. मी ओरडले, पण मागे डंपर घरघरत होते. शिटी फुंकली. साइटवर दिवसभर शिट्याच वाजतात. जाकीट काढून हलवलं. तेव्हा काकीने मान वर केली आणि बांधाकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. तिला काय दिसलं असेल? एक कामगार दुसऱ्याला हात करतोय. पांढरं कुठेच नाही. म्हणजे वेळ आहे.

ती पुन्हा वाकली.

माझा कुर्ता काळा, ओढणी निळी. पांढरा कपडा जावेच्या हातात, आणि जाऊ कुंपणाबाहेर. मी तशीच मागे पळाले, तिने पत्र्यावरून कपडा फेकला, मी परत वर. तोवर पाण्यावर काकीची टोपली तेवढी होती. बोटी काढल्या, गाव उतरला. संध्याकाळच्या ओहोटीला काकी कांदळाच्या मुळांत सापडली.

हवालदारांनी मला एकच विचारलं, "जागा का सोडलीस?" आणि जाकीट काढून घेतलं. ठेवा म्हटलं, त्याने कोणाचा जीव वाचत नाही.

पण मला झोपू देत नाही ती वेगळीच गोष्ट. टोपली बघून मी मागे वळले तेव्हा टॉवरच्या गॅलरीत एक बाई चहा पीत उभी होती. अख्खा चिखल तिच्या डोळ्यांखाली, आणि दोरीवर पांढरीशुभ्र चादर वाळत घातलेली. पुढे मी तिला भेटले, भांडायलाच गेले होते. ती रडली. म्हणाली, "आम्हाला कुठे काय माहीत? त्या बायका तर रोजच असतात."

बाया आजही उतरतात, दुसरं पोट भरायचं साधन नाही. बांधावर उभं राहणाऱ्या बाईला फाटक आजही बंद आहे, त्यासाठी आम्ही भांडतोय आणि भांडू. पण भरती आमच्या भांडणासाठी थांबत नाही. तुमच्या गॅलरीतून खाडीचा चिखल दिसतो ना? मग आता तुम्हाला माहीत आहे. पाणी फिरताना बाहेर या. दोरीवरची चादर ओढा आणि हलवा. शेवटची बाई बांधाला लागेपर्यंत हात खाली घेऊ नका.