तळघरातले जनरल मॅनेजर

अमेरिकेतल्या आल्टूनाच्या रेल्वेत चौतीस वर्षं खरी मालगाडी हाकून वेंडेल क्रोत्झर निवृत्त झाला, आणि मग दर शनिवारी सकाळी दातांचे डॉक्टर हॅडली यांच्या तळघरात खेळण्यातली मालगाडी हाकू लागला. खेळण्यातली म्हणायची सोय नव्हती म्हणा. तिथे वेळापत्रक होतं, सिग्नल होते, आणि डबा घसरला तर अपघाताचा फॉर्म होता, तोही तीन प्रतींत. रेल्वे डॉक्टरांची, म्हणून जनरल मॅनेजर तेच. वर घरात त्यांना कुत्रं विचारत नसे, त्यामुळे खाली त्यांचा रुबाब काही विचारू नका.

वेंडेलचा मात्र या रेल्वेवर जीव होता. बायको गेल्यापासून त्याच्या आठवड्यात शनिवार हा एकच वार उरला होता. त्यासाठी डॉक्टरांचं ओरडणं त्याने अकरा वर्षं कॉफीबरोबर गिळलं. याहून मोठी गाढवं साहेब झालेली त्याने खऱ्या रेल्वेत पाहिली होती.

त्या शनिवारी एमिलचा हात थरथरला. एमिल म्हणजे नोकरीतला वेंडेलचा जुना गार्ड; दोन वर्षांपासून कंपवात जडलेला. डबे जोडताना कोळशाचे चार डबे आडवे झाले. डॉक्टरांनी सगळी वाहतूक थांबवली, फॉर्म स्वतःच भरला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"अपघाताचं कारण, कर्मचाऱ्याचे हात निकामी. शिक्षा, कायमची बडतर्फी." मग जिन्याकडे बोट केलं. "तिथे पायरीवर बसा. बघायला परवानगी आहे."

केवढं हे औदार्य! वाहतूक पुन्हा सुरू झाली. तळघरात गाड्या हाकायला जमलेल्या नऊ जाणत्या पुरुषांनी वेळापत्रकात माना खुपसल्या, आणि त्यात एक मान वेंडेलची होती. त्याची गाडी मेन लाइनवर होती, आणि मेन लाइनवर गाडी सोडून रेल्वेचा माणूस प्रत्यक्ष देव आला तरी उतरत नाही. सतरा मिनिटं त्याने ती चालवली, बाजूच्या लूप लाइनला घेऊन उभी केली, पुढच्या माणसाकडे कागद सोपवून सही घेतली. मग तो डॉक्टरांसमोर उभा राहिला.

"मी चाललो, डॉक्टर. पुन्हा येणार नाही. आजारी माणसाची अशी चारचौघांत लाज काढत नाहीत."

"महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं," डॉक्टर म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

एमिलला हात देऊन वेंडेलने जिना चढवला. मोटारीत बसल्यावर त्याला रडू फुटलं. एमिलसाठी आलं असतं तर शोभलं असतं, पण ते आलं शनिवारसाठी. त्याची त्याला लाज वाटली.

"मी लगेच उठायला हवं होतं रे," तो म्हणाला.

"गाडी लूपला घेतलीस ना?"

"घेतली."

"मग नियमाने बरोबर केलंस." एमिलने थरथरता हात मांडीखाली दाबून धरला. "पण तू प्रत्येक स्टेशनवर थांबत होतास, आणि मी पायरीवर बसून ती मोजत होतो."