शिंपल्याच्या ओठाशी

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, कवळ्या बनवणारे एक गृहस्थ बसत. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची काचपेटी आठ वर्षांपूर्वी त्यांनीच मांडलेली. दर शनिवारी ते मीठ मोजून पाणी तयार करत. त्या वेळी कोणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे.

पेटीत निळ्या ओठांचा एक मोठा शिंपला होता. तो मिटू लागला. दोन महिन्यांपूर्वी काकांनी पेटीत नवा खडक ठेवला होता. त्याच्या भोकांतून न बोलावता आलेल्या बारीक गोगलगायी आता काचेवर फिरत होत्या.

"काका, आधीच दोन मासे गेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाढ काढायला आलेल्या माणसाने समोर मढं बघत बसायचं का? शिंपला गेला, तर पेटी हलवायची."

"हलवू," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा तसाच घरी गेला.

चार दिवस त्यांनी काचेवरच्या वाटोळ्या गोगलगायी चिमट्याने वेचल्या. चाळीस भरल्या. मारायला हात धजेना, म्हणून कवळीच्या डबीत खारं पाणी घालून त्यात ठेवल्या. शिंपला आणखीच मिटला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "त्या काय खातात हो?"

"काचेवरचं शेवाळ."

"मग त्यांनी तुमच्या शिंपल्याचं काय घोडं मारलंय? पुढच्या बाकावर बसतात, म्हणून मार खातायत बिचाऱ्या."

दुसऱ्या दिवशी काका तासभर लवकर गेले. पेटीचा दिवा न लावता त्यांनी बॅटरी धरली आणि दात तपासायचा छोटा आरसा शिंपल्याखाली सरकवला. ओठाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढ्या, पांढऱ्या, टोकदार अकरा गोगलगायी चिकटल्या होत्या. एकीने आपली बारीक सोंड शिंपल्याच्या मांसात खुपसली होती. ती काढून त्यांनी भिंगाखाली धरली. शंखाच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, इवलासा दात होता. मग डबीतल्या वाटोळ्या एकेक करून पाहिल्या. एकीलाही दात नाही; तोंडावर नुसतं गोल झाकण. जन्मभर दात पाहिलेला माणूस चार दिवस तोंड बघायचंच विसरला होता.

वाटोळ्या त्यांनी पुन्हा पेटीत सोडल्या. सदतीस. तीन डबीतच मेल्या होत्या. ते त्यांनी घरी सांगितलं नाही.

मग रोज सकाळी शिंपला परातीत काढून, मऊ टूथब्रशने घासून, पांढऱ्या गोगलगायी आणि त्यांची चिकट अंडी काढायची, असा क्रम सुरू झाला.

"काका, शिंपल्याचे दात घासताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हा पेशंट निदान कुरकुर तरी करत नाही."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शिंपल्याचे निळे ओठ कडेपर्यंत उलगडले होते. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवता चढवता थांबल्या. वाकून पाहिलं.

"राहू दे पेटी," म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्या दिवशी डबा रिकामा घरी गेला.