सात रांजणांचे सुरुंगक्षेत्र

कोरियातल्या सोक्सा गावाहून लग्न होऊन आली म्हणून सगळे तिला सोक्सावाली म्हणत. खरे नाव नवऱ्याला ठाऊक होते, आणि तो वारला. मुलाला सैन्याने दारूगोळा वाहायला नेले, ओझी वाहायच्या पाठीवरच्या लाकडी घोडीसकट. घरात उरल्या ती, गरोदर सून आणि अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचे, सात रांजण. थंडी सरेपर्यंत दोघींनी जगायचे ते त्यांवरच.

मागच्या टेकडीला लढाईत, सैन्याच्या नकाशावर, नावाऐवजी आकडा मिळाला होता. तो आकडा जिंकायला दोन्हीकडची सैन्ये आळीपाळीने येत. सकाळी वर चढलेले दुपारी खाली पळत. त्या पळण्याला नियोजित माघार म्हणत. जो येई तो गाव मुक्त करी, आणि मुक्त करून झाले की त्याला भूक लागे. शेजारचे घर तीनदा मुक्त झाले. तिथे आता मिठाचा खडाही नव्हता.

ओढ्याकाठी सैनिकांनी सुरुंग पेरून भोवती लाल चिंध्या बांधल्या होत्या. लोकांच्या वाडवडिलांची थडगी बुटांनी तुडवणारे त्या चिंध्यांना मात्र निमूट वळसा घालत. सोक्सावालीने हे दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी लग्नातला लाल घागरा फाडायला घेतला.

"अहो आई, तो मला देणार होतात ना!" सून कळवळली.

"नेसायचंय की जेवायचंय?"

अंगणातल्या रांजणांभोवती लाल चिंध्या वाऱ्यावर हलू लागल्या. उत्तरेच्या बाजूने लढणारे चिनी आले, वळसा घालून गेले. दक्षिण कोरियाचे आले, तेही. हे काम शत्रूचेच, अशी दोघांचीही खात्री.

"आजी, तुम्ही यातून चालता कशा?" एका शिपायाने विचारले.

"पुरताना मी इथेच होते की, बाळा. डोळे मिटूनसुद्धा सांगेन कुठे काय आहे ते."

तिने दाखवलेल्या सात जागा शिपायाने नकाशावर टिपल्या. तिच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते.

थंडी सरायला दीड महिना उरला असताना दक्षिणेच्या सैन्याचा कॅप्टन थाक स्फोटके घेऊन आला.

"आजी, बाजूला व्हा. अंगण उडवायचा हुकूम आहे."

सोक्सावाली चिंध्या ओलांडून आत गेली. आता स्फोट होणार म्हणून शिपाई जमिनीवर आडवे पडले. तिने पेंढा सारला, झाकण काढले आणि लालभडक कोबीचे पान कॅप्टनपुढे धरले.

त्याने खाल्ले. बराच वेळ चावत राहिला.

"माझी आईपण यात नासपती घालते," तो म्हणाला. मग नकाशा उघडून त्याने कपाळ चोळले. "पण इथे सात सुरुंग आहेत हो. तीन कर्नलांच्या सह्या आहेत. नाहीत असं कसं लिहू? ते मलाच उडवतील."

"मग लिहू नका. तीन रिकामे झालेत, साहेब, ते निकामी म्हणा. चार अजून भरलेले आहेत."

कॅप्टनने लिहिले: तीन निकामी केले. चार जिवंत, कोणीही जवळ जाऊ नये.

मग त्याने आपला डबा तिच्यापुढे केला. ती भरत असताना एक चिंधी सैल दिसली, तेव्हा शिपायाला हाक मारून त्याने ती घट्ट बांधायला लावली.