माझ्या कपाटाचं दार समुद्रावर जातं

दिल्लीला समुद्र नाही, हे दिल्लीवाल्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. नाहीतर दक्षिण दिल्लीतल्या ज्या गल्लीत प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतात, तिथे लाटांवर घसरायच्या फळ्या बनवायचा कारखाना कुणी उघडला असता का? कारखाना म्हणायचं नाही बरं का, स्टुडिओ म्हणायचं. मी तिथे दोन रविवार जाऊन आले आहे, म्हणून अधिकाराने बोलते आहे. पण तिथवर कशी पोचले ते सांगायचं तर सुरुवात माझ्या हनुवटीपासून करावी लागेल.

माझ्या हनुवटीखाली बोटाच्या पेराएवढा व्रण आहे. माहेर कोकणातलं, घराच्या मागचं दार उघडलं की माड आणि माडांपलीकडे वाळू. कुणाची जुनी होडी फुटली की तिच्या फळ्या किनाऱ्यावर पडून असायच्या. त्यातलं हाताला पेलेल असं एखादं फळकूट आम्ही पोरं उचलायचो, कमरेएवढ्या पाण्यात जायचो, लाट पाठीशी आली की त्यावर पोट टेकून पडायचो. बाकी काम लाटेचं. ती जी फेकायची ती थेट वाळूत. याला काही नाव आहे, यावर पुस्तकं निघतात, लोक यासाठी नोकऱ्या सोडतात, हे आम्हाला कुठे ठाऊक? आम्हाला एवढंच ठाऊक, की आईने बघितलं तर पाठ सुजेल. एकदा फळकुटाचं टोक वाळूत रुतलं आणि माझी हनुवटी फुटली. आईने हळद दाबली आणि पाठही सुजवली, दोन्ही.

पुढे दिल्लीचं स्थळ आलं. मुलगा मंत्रालयात, केंद्र सरकारची नोकरी, सरकारी क्वार्टर मिळणार. बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "हनुवटीला काय झालंय?"

"मोरीत घसरली हो लहानपणी," आई म्हणाली. इतकं सराईत म्हणाली, की मलाच क्षणभर मोरी दिसली. मी मान खाली घालून गप्प बसले. तेव्हा मुली गप्पच बसत. निदान बघायला आलेल्यांसमोर तरी.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ह्यांना खरं काय ते सांगितलं. नवरा आहे, आता काय लपवायचं, असा माझा भाबडेपणा.

"मी लाटेवरून यायची," मी म्हटलं.

"पोहून?"

"नाही हो. फळकुटावर पडून. लाटच आणते. हा व्रण त्याचाच."

ह्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "पण तुझ्या आईंनी मोरी सांगितली होती."

"ते तुम्हाला सांगायचं होतं म्हणून."

"म्हणजे रेकॉर्डवर मोरी आहे," हे म्हणाले, आणि विषय संपला.

संपला म्हणजे माझ्यापुरता. ह्यांना जन्माचा विनोद मिळाला. महाराष्ट्रातून कुणी साहेब, कुणी नातेवाईक आले, की हे त्यांना कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये जेवायला न्यायचे. पानात तळलेली माशाची तुकडी पडली, की ह्यांची कॅसेट सुरू. "आमच्या मिसेसना कमी समजू नका. समुद्रावरून घसरत घसरत घरी यायच्या." पाहुणे हसायचे. मीही हसायची, कारण तोंडात घास असताना दुसरं काय करणार?

लोकांच्या हसण्याचं मला काही नव्हतं. पण एकच गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षं खोटी म्हणून ऐकली, की माणूस आपलं आपल्याला चाचपायला लागतो. आई गेली, भाऊ गेला. बरोबरची चुलत बहीण गेली. चुलत भावाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "ताई, मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही." मग कधीकधी केस विंचरताना आरशात तो व्रण दिसायचा आणि मनात यायचं, खरंच मोरी तर नसेल? सांगायला लाज वाटते, पण माझं बालपण मला परत शाबीत करून हवं होतं. दुसऱ्या कुणासाठी नाही, माझ्यासाठीच.

आमची नात मुनिरकाला खोली घेऊन राहते. शिकते. काय शिकते ते मला तीनदा समजावून झालं आहे. रविवारी मयूर विहारला आमच्याकडे जेवायला येते आणि जेवताना मोबाईलमध्ये बघते. एका रविवारी मी तिच्या खांद्यावरून डोकावले आणि हातातली आमटीची पळी तशीच राहिली. मोबाईलमध्ये माणसं आखूड लाकडी फळ्यांवर पोटावर पडून लाटेबरोबर किनाऱ्याला येत होती.

"अगं, हे आमचं फळकूट!"

"फळकूट म्हणजे?" नातीने विचारलं. दिल्लीत वाढलेलं लेकरू, अर्धी मराठी यमुनेत बुडालेली. मी सगळं सांगितलं. ती ओरडली, "आजी, यार! हे तर आता एकदम कूल आहे. प्लास्टिकच्या मोठ्या बोर्डांना कंटाळून लोक परत लाकडाकडे चालले आहेत. याची वर्कशॉप असतात!"

अच्छा. म्हणजे आम्ही कूल होतो आणि उगाच मार खाल्ला.

ह्यांनी मोबाईल मागून घेतला. चष्मा लावला. तीनदा बघितलं. मग म्हणाले, "तपासून पाहावं लागेल."

आता ह्यांची सगळी नोकरी या एका वाक्यावर झाली आहे. फाईल नाकारायची नसेल आणि मान्य करायला जीवावर येत असेल, की 'तपासून पाहावं लागेल'. पण माझ्या फाईलवर पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं गेलं होतं, म्हणून मी ह्यांना आणखी एक पळी आमटी वाढली.

अशा रीतीने आम्ही तिघं त्या स्टुडिओत गेलो. चालवणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, बँकेतली नोकरी सोडून आलेले, केसांचा माझ्यापेक्षा चांगला अंबाडा. भिंतींवर फळ्या टांगलेल्या, कुठे मासा रंगवलेला, कुठे डोळा. गुडगावची मंडळी जमली होती. त्यातल्या निम्म्यांनी समुद्र विमानातून पाहिलेला. गृहस्थांनी सगळ्यांना फळीवर हात ठेवून डोळे मिटायला सांगितलं.

"लकड़ी को सुनिए," ते म्हणाले. "लकड़ी खुद बताएगी उसे क्या बनना है।"

सगळे ऐकत होते. मीही कान दिला. माझ्या फळीने काहीच सांगितलं नाही, कदाचित तिला मराठीच येत असेल.

डोळे उघडून मी म्हटलं, "भाईसाहब, इसका मुँह ऊपर चाहिए. ऐसा सीधा रखोगे तो रेत में घुसेगा और ठोड़ी फूटेगी." आणि हनुवटी वर करून दाखवली.

गृहस्थ जवळ आले, वाकले, निरखून बघितलं. मग खाली बसून चक्क माझ्या पायांना हात लावला. म्हणाले, माझंही कपाळ असंच फुटलं होतं, आणि केस मागे सारून कपाळावरची खूण दाखवली. त्या क्षणापासून तो माणूस मला बरा वाटायला लागला. ह्यांनी मात्र माझ्या हनुवटीकडे असं पाहिलं, जणू लग्नाआधी नीट बघायचं राहून गेलं होतं.

पुढच्या रविवारी परत गेलो. ह्यांनी वहीत मापं उतरवून घेतली. तिथलं परदेशी लाकूड मात्र नाकारलं. "हलकं लाकूड आपल्या घरात आहे," म्हणाले. घरात म्हणजे कुठे, ते मला मंगळवारी भाजी घेऊन आल्यावर कळलं. माझ्या माहेरच्या शिवणीच्या लाकडाच्या कपाटाचं एक दार नव्हतं. साड्या सगळ्या उघड्यावर.

"अहो, विचारायचं तरी!"

"शिवण हलकी असते. पाण्यात फुगत नाही," हे शांतपणे म्हणाले. "मी चौकशी केली आहे."

आता गंमत ऐका. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हेच. गच्चीवर सुतारकाम करायला मनाई, असा नियम ह्यांनीच केलेला, नोटीस बोर्डावर ह्यांच्याच सहीने लावलेला. मग ह्यांनी सेक्रेटरींना अर्ज लिहिला. सेक्रेटरींनी, म्हणजे ह्यांनीच, 'कामाचा हेतू स्पष्ट नाही' असा शेरा मारून तो परत केला. मी म्हटलं, "अहो, कुणी बघत नाहीये." तर म्हणाले, "म्हणूनच नीट करायला हवं." दुसऱ्या अर्जात हेतू लिहिला: 'पत्नीच्या कथनाची पडताळणी.' विशेष बाब म्हणून मंजूर झाला. तो कागद नोटीस बोर्डावर आठवडाभर होता. लिफ्टमध्ये भेटणारी प्रत्येक बाई मला विचारायची, "भाभीजी, घर में सब ठीक है ना?"

महिनाभर हे गच्चीवर रंधा मारत होते. मला जमिनीवर पालथं झोपवून माप घेतलं, तेवढ्यात मोलकरीण आली, तिने काय विचार केला असेल तो तिचा तिला ठाऊक. पण काम सुरेख झालं, खोटं कशाला बोलू? नाकाड वर उचललेलं, कडा गोल, बिजागरीची भोकं बुजवलेली. आणि मग सरकारी माणसाची खोड, ह्यांनी त्यावर पॉलिश चढवलं. एक हात, दोन हात, पाच हात. साहेबांच्या टेबलासारखं. तोंड बघून कुंकू लावता आलं असतं.

"अहो, ह्यावरून मी घसरेन."

"फिनिशिंग म्हणून काही असतं," हे म्हणाले.

हिवाळ्यात, लाटा बेताच्या असतात तेव्हा, निजामुद्दीनहून कोकणची गाडी धरली. ते धूड चादरीत बांधून बर्थखाली आडवं घातलं. टीसीने पायाने ढोसून विचारलं, "ये क्या है?"

"अलमारी का दरवाज़ा," हे म्हणाले.

टीसीने आमच्या तिघांकडे पाहिलं. खरं बोलणाऱ्या माणसाकडे लोक असंच बघतात, ते मी ह्यांना सांगणार होते. सांगितलं नाही.

माहेरचं घर आता भावाच्या मुलांचं, पण वाळू तीच. मी सलवार-कमीज घालून, दुपट्टा कमरेला आवळून पाण्यात शिरले. नात शेजारी, फळी धरायला. हे काठावर, पँट दुमडून, पायात बूट-मोजे, एका हातात माझी पर्स आणि दुसऱ्यात मोबाईल. पाणी गार होतं. नाही जमलं तर? मग मोरीच खरी ठरणार होती, आणि या खेपेला ती ठरवणारी मीच असणार होते.

लाट आली. मी पडले. पडले म्हणजे फळीवर आणि लगेच फळीवरून. पॉलिश! मी गटांगळी खाऊन उठेपर्यंत माझं दार एकटंच ऐटीत किनाऱ्याला गेलं आणि ह्यांच्या बुटांपाशी जाऊन थांबलं.

"हे आलं," हे ओरडले. "तू कुठे आहेस?"

मी बाहेर आले. माडाखालचं नारळाचं एक सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, उचललं, ओल्या वाळूत बुडवलं आणि त्या पॉलिशवर घासायला लागले. खरखर, खरखर. महिनाभराची मेहनत ह्यांच्या डोळ्यांदेखत पांढरी पडत होती. मला वाटलं, आता बोलतील. ह्यांनी मोबाईल खिशात टाकला. पर्स वाळूत ठेवली, दुसरं सोडण उचललं, आणि बूट-मोज्यांसकट गुडघे टेकून दुसऱ्या टोकाकडून घासायला बसले.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"पुढे जरा. छातीखाली."

दुसऱ्या खेपेलाही पडले. तिसऱ्या खेपेला लाट पाठीशी आली आणि अंगाला आधीच कळलं. काय कळलं ते सांगता येत नाही, पण मोरीत घसरून ते कळणं शक्य नाही. पोटाखालचं लाकूड एकदम हलकं झालं, कानाशी सगळा आवाज झाला, आणि मी निघाले. किती अंतर? आमच्या सोसायटीच्या गेटपासून पहिल्या बिल्डिंगपर्यंत, फार तर. वाळूत आपटले तेव्हा तोंडात वाळू, केसांत शेवाळ, दुपट्टा परमुलखात. हनुवटी मात्र शाबूत.

हे समोर उभे होते. तोंड उघडं. हातातला मोबाईल अजून समुद्राकडेच रोखलेला.

"आजोबा, व्हिडिओ घेतलात ना?" नात पाण्यातून ओरडली.

घेतला होता. नंतर सगळ्यांनी बघितला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ह्यांचा अंगठा आहे, मागून समुद्राचा आवाज.

दार परत कपाटाला लागलं आहे. पण नाकाड वर उचललेलं, कडा गोल, त्यामुळे ते काही मिटत नाही. कुणी आलं की माझ्या साड्या डोकावून बघतात.

गेल्या महिन्यात पुण्याहून ह्यांच्या जुन्या ऑफिसातले एक साहेब सपत्नीक आले. कँटीनमध्ये जेवायला नेलं. माशाची तुकडी पानात पडली आणि ह्यांची कॅसेट सुरू झाली. पण या वेळी बाजू दुसरी. "मी स्वतः उभा होतो. ही लाटेवरून आली! कपाटाच्या दारावर!" हातवारे करून, आमटी सांडून.

साहेब हसायला लागले. "तुमची ही थाप जुनीच आहे हो. फक्त कपाट नवीन."

"थाप नाही! मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"व्हिडिओ आहे?" साहेबांच्या बायकोने विचारलं.

ह्यांचे कान लाल. मग माझ्याकडे वळले, अगदी काकुळतीने. "अगं, तू सांग ना यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला घाई नव्हती. मी तुकडीतला मधला काटा अलगद काढला, बाजूला ठेवला, घास घेतला, सावकाश चावला.

"तपासून पाहावं लागेल," मी म्हटलं.