मधुकरच्या नावाखालची जागा

मधुकर अविवाहित गेला, आणि दहाव्याला त्याच्या तीन मुलांशी माझी गाठ पडली.

हे वाक्य मी तीनदा तपासले. ते बरोबर आहे की नाही, हे अजूनही सांगता येत नाही.

मधुकर माझा पन्नास वर्षांचा मित्र. सरकारी नोकरीत त्याने जमिनी मोजल्या. सुरगाण्याच्या डोंगरांपासून दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांपर्यंत. निवृत्तीनंतर त्याला कादंबऱ्यांचा नाद लागला. आफ्रिकेतल्या जुन्या राज्यांवरून, लोककथांवरून स्फुरलेल्या, जादूने भरलेल्या, जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या.

मग तो दर रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये जाऊ लागला. तिथे चार तरुण मंडळी त्या कादंबऱ्यांवरून रचलेला एक गेम टेबलाभोवती बसून खेळत. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे, आणि अडले की फासे टाकायचे.

त्या खेळात मधुकर एक म्हातारी होता. राजदरबारात घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणणारी.

"अरे, आफ्रिका कशाला? आपल्याकडे राक्षस कमी पडले का?" मी एकदा विचारले.

"आपल्या गोष्टींचे शेवट मला पाठ आहेत रे," तो म्हणाला. "तिथे माझी पाळी आली, की मी काय बोलणार हे मलाही ठाऊक नसतं."

म्हातारीची भाषणे तो मागाहून लिहून काढी आणि माझ्याकडून तपासून घेई. भाषा मी तपासली. खेळ मला कधी कळला नाही.

दहाव्याला गोदाघाटावर त्याच्या पुतण्याने, प्रसादने, विधी केले. मग घराण्याच्या उपाध्यायांनी नामावळीची वही उघडली. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या माणसांनी आपापल्या हाताने नावे लिहिलेली. प्रसादच्या वडिलांच्या नावाखाली प्रसाद होता.

मधुकरच्या नावाखाली कोरी जागा.

"यांना संतती नाही ना? मग तसं लिहून शाखा बंद करतो," गुरुजी म्हणाले.

"थांबा, गुरुजी." मागून एक मुलगी पुढे आली, तिच्यामागे आणखी तिघे. ती ऋचा, खेळात गोष्ट सांगणारी. "या तिघांना त्यांनी मुलं मानलंय. गेममध्ये."

"कसला गेम? पत्त्यांचा?"

"फाशांचा."

"फाशांपायी घराणी बुडालेली ऐकली होती. वाढल्याचं पहिल्यांदाच ऐकतोय."

ऋचाने सांगितले ते असे. शेवटच्या रविवारी त्या तिघांची पात्रे एका शहराच्या वेशीवर अडली. तिघेही अनाथ. वंशावळ नाही, तर प्रवेश नाही. ऋचा दरवान झाली होती. नियमाप्रमाणे म्हातारीने फासा टाकायचा होता. मधुकरने फासा हातातून खाली ठेवला.

"'ही माझी मुलं. माझ्यापासून मोजा.' बस, एवढंच बोलले काका," तिघांतला इम्रान म्हणाला. "आणि आम्ही आत गेलो."

त्या भाषणाचे पान तपासायला माझ्याकडे आले होते.

मी समासात लिहिले होते : 'विसंगती. या बाईला मूल नाही, असे आधी आले आहे. वाक्य गाळावे.'

गुरुवारी पान परत केले. मधुकरने समास वाचला, "बघतो" म्हणाला, आणि पानाची घडी केली. शुक्रवारी तो झोपेतच गेला.

प्रसादने पेन माझ्यापुढे धरले. "काका, तुम्हीच ठरवा. तुम्ही खोटं लिहिणार नाही."

नेमके तेच मला कळेना. त्यात खोटे काय होते? मधुकरला मूल झाले नाही, हे खरे. 'ही माझी मुलं' असे तो म्हणाला, हेही खरे. म्हणाली ती म्हातारी. पण आवाज तर त्याचा होता.

"माझं नाव नका लिहू," इम्रान हळूच म्हणाला. "काकांच्या घरच्यांना अडचण नको."

मी गुरुजींकडे पाहिले. "मी वही सांभाळतो," ते म्हणाले. "काय लिहायचं ते घरच्यांनी बघायचं."

"लिहा, काका," प्रसाद म्हणाला.

मी लिहिले. सोहम. मेघा. इम्रान.

अक्षर वाईट आले.

मग गुरुजींनी शाखा वरून खाली वाचली. पणजोबा, आजोबा, वडील, मधुकर, आणि ती तीन नावे. इम्रानच्या नावापाशी ते अडखळले नाहीत. इम्रानने मात्र मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

मी चूक केली की दुरुस्ती, मला ठरवता येत नाही. 'बघतो' म्हणजे त्याने ते वाक्य ठेवले की गाळले, तेही आता कळायचे नाही. कोणाला समजत असेल, तर सांगावे. सांत्वन नको.

मधुकर, ते वाक्य राहू दे.

निघतोस ना? ये आता.