गुलाबी कागदावरची पैंजणं

हुपरीत आमच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. पुढच्या सोप्यात मुलगा आणि कारागीर जोडकाम करतात, आणि तयार झालेला ढीग माझ्याकडं येतो. त्यातून एकसारखी दोन पैंजणं शोधायची, लांबी जुळवायची, घुंगरं जुळवायची आणि दोऱ्यानं बांधून ठेवायची. याला आम्ही जोड लावणं म्हणतो. लग्न होऊन आल्यावर थोडे दिवस जोडकाम केलं, तेव्हापासून मी हेच करते.

मग डोळे गेले. म्हणजे पार गेले नाहीत. मोतीबिंदू काढला, तरी एका डोळ्यानं धुरातून बघितल्यासारखं दिसतं. दुकानदाराकडून जोड परत यायला लागले. एका पायातलं लांब, दुसऱ्या पायातलं आखूड. मुलगा म्हणाला, "आई, आता बस कर. लई केलंस." मला रिकामं बसायला आवडत नाही. रिकामी म्हातारी घरभर बडबडत फिरते आणि कुणी तिचं ऐकत नाही. शेजारीपाजारी मी हे बघितलेलं आहे.

माझी नात कोल्हापुरात एका कंपनीत कंप्युटरवर काम करते, रोज एसटीनं जाऊन येऊन. तिनं सुट्टीच्या दिवशी बसून माझ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. छोट्या स्टँडला फोन अडकवायचा, खाली दोन पैंजणं पसरायची. फोन फोटो काढतो, मोजतो आणि तिच्याच आवाजात सांगतो, "जुळलं" किंवा "न्हाय जुळलं". मी तिचं कौतुक केलं नाही, मला ते जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले.

तो प्रोग्राम तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. नुसता वापरायला नाही, आत काय लिहिलंय तेही दिसेल असा. मी विचारलं, फुकट कशाला? ती म्हणाली, "मी बी दुसऱ्यांचं फुकट घेऊनच केलंय की, आज्जी." प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्यात तशी रीत आहे. लिहिलेलं मांडून ठेवायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, सुधारायचं.

एक दिवस त्यांच्यातल्या एका नावाजलेल्या माणसाच्या हाताला ते लागलं. त्याला म्हणे स्क्रू मोजायचे होते. त्यानं पांढऱ्या टेबलावर स्क्रू पसरले, तर फोननं टेबलच मोजलं. मग त्यानं आत डोकावून बघितलं. पोरीनं लिहून ठेवलं होतं की जे गुलाबी नाही ते सगळं चांदी. आमच्याकडं चांदी त्या पातळ गुलाबी कागदावरच ठेवतात, त्यातच गुंडाळतात. जन्मल्यापासून तिनं तेच बघितलेलं. जगात कुणी दुसऱ्या रंगावर काही ठेवत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

त्या माणसानं तेवढ्या ओळी उचलून सगळ्यांसमोर टाकल्या आणि वर लिहिलं की या बाईच्या मते सगळं जग गुलाबी कागदात गुंडाळलेलं आहे. नातीनं मला ते मराठीत सांगितलं तेव्हा मी हसले. ती माझ्याकडं बघत राहिली.

"तू बी हसालीस?"

"अगं, खरं हाय की ते."

पण तो तिथं थांबला नव्हता. जिला एवढंही कळत नाही तिनं लिहू नये, लिहिलंच तर घरात ठेवावं, बाहेर घाण टाकू नये, असं पुढं होतं. त्याखाली माणसांची ही गर्दी. पोरीनं आत स्वतःसाठी आमच्या बोलीत काही काही लिहून ठेवलं होतं. "हितं परत मोज, न्हायतर आज्जी शिव्या दील" असलं. कुणीतरी मराठी येणाऱ्यानं त्याचं इंग्रजी करून बाकीच्यांना पुरवलं. ते सगळं तिच्या ऑफिसातही पोचलं. ती खुर्चीत बसायला गेली की मागून एकजण फोनवर तिचाच आवाज लावायचा, "न्हाय जुळलं."

ती घरी आली आणि ताटावर बसेना. म्हणाली, "मी काढून टाकतो ते सगळं. परत कुठं काय ठेवत न्हाय."

मी विचारलं, "माझ्या फोनमधलं बी जाणार व्हय?"

"न्हाय. तुझं ऱ्हाईल."

"मग काढ न्हायतर ठेव. पर आदी जेव."

मला तेव्हा एवढंच सुचलं. शेजारच्या भाभी त्याच वेळी आल्या होत्या. त्यांच्या घरी पैंजणांना पॉलिश करतात, आणि हा प्रोग्राम त्यांनीही घेतला होता. त्यांनी आधी त्या माणसाच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तसं माझ्याकडं बी ते चुकतंयच, मावशी. मी स्टीलच्या ताटात ठेवतो न्हवं. कायम न्हाय जुळलंच म्हणतंय."

नात ताडकन म्हणाली, "भाभी, सांगायचं की मग."

"तुला वाईट वाटंल म्हणून न्हाय सांगिटलं, बाळा."

पोरीनं कपाळाला हात लावला. ज्यांना तिची माया होती त्यांनी चूक झाकून ठेवली, आणि ज्याला काही देणंघेणं नव्हतं त्यानं ती चव्हाट्यावर मांडली.

माझी सासू काही गोड बोलणारी नव्हती. वाईट जोडलेलं पैंजण ती दहा माणसांत करणाऱ्याच्या मांडीवर फेकायची. "पैंजण हाय का कुत्र्याचा पट्टा?" असं मला तिनं पाव्हण्यांसमोर विचारलेलं आहे. पण आमच्या घरात एक नियम होता. ज्यानं फेकलं त्यानं समोर बसायचं आणि दोघांनी मिळून ते उकलायचं. होईपर्यंत त्याचंही काम बंद. त्यामुळं उगाच कुणी फेकत नसे.

नातीनं ते काढून टाकायचं ठरवलं होतं, पण त्याच गर्दीखाली एका बाईनं लिहिलेलं तिला दिसलं. कुठल्या परदेशातली बाई, ना ओळख ना पाळख. तिनं लिहिलं होतं की चूक खरी आहे आणि मोठी आहे. आणखी चार चुका तिनं स्वतः काढून दाखवल्या. मग लिहिलं होतं, काढून टाकू नकोस. वेगवेगळ्या रंगांवर ठेवून फोटो पाठव, मी तुझ्याबरोबर यावर बसते.

नात म्हणाली, "ही बी नावंच ठेवतीया."

मी म्हटलं, "पर बसतीया न्हवं?"

त्या रविवारी आमच्या घरात सगळा बाजार मांडला. पैंजणं फरशीवर ठेवली, वर्तमानपत्रावर ठेवली, केळीच्या पानावर, गव्हाच्या सुपात, माझ्या हिरव्या लुगड्याच्या पदरावर. भाभींनी काळी ओढणी आणली, आणि ते ताटही. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "चांदी हाय ती. भाजी मांडल्यागत काय मांडालाय?" भाभींनी ताट पुढं सरकवलं.

पुढं बरेच दिवस हे चाललं. नात दुरुस्त करून पाठवायची आणि ती बाई परत पाठवायची, सगळ्यांसमोरच. इथं चुकलंय, हे का केलंस, परत कर. पोरगी चिडायची, फोन उलटा ठेवायची, आणि जेवण झालं की परत घेऊन बसायची. ऑफिसातला तो आवाज कधी बंद झाला ते तिच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी भाभींच्या ताटात फोन "जुळलं" म्हणाला आणि भाभींनी गल्लीतल्या चार बायका बोलावून त्यांच्यासमोर फोनकडून ते परत परत म्हणवून घेतलं.

त्या नावाजलेल्या माणसानं नंतर एक ओळ लिहिली, आता चालतंय म्हणून. बाकी काही नाही. त्याचे आभार मी मानणार नाही. तो बोलला ते खरं होतं, पण खरं बोलून तो निघून गेला.

त्या बाईचे मात्र मानते. तिचं तोंड मी बघितलेलं नाही, तिची भाषा मला येत नाही, माझी शाळा चौथीत सुटली. तिनं माझ्या नातीला खोटं चांगलं म्हटलं नाही आणि एकटंही सोडलं नाही. आमच्या बोलीतल्या त्या ओळीही तिनं काढू दिल्या नाहीत. खाली इंग्रजी लिही म्हणाली, बाकीच्यांना कळेल असं. शिव्या देणारी आज्जी आता दोन भाषांत तिथं बसली आहे.

मी नातीला म्हटलं, माझ्याकडून तिला लिही.

"काय लिहू?"

"लिही, पोरीचं काम चालू हाय. तुझ्यामुळं हाय."

तिनं लिहिलं. उत्तर आलं ते नातीनं वाचून दाखवलं. वा नाही, छान नाही. त्या बाईनं विचारलं होतं की दुरुस्त केल्यापासून फोननं चुकीचे जोड किती लावले.

बाई मला आवडली. एक चुकला होता, लुगड्याच्या जरीवर ठेवलेला. तो कळवला. आता दोघी त्याच्या मागं लागल्या आहेत.