वाक्य खरं पाहिजे

आमच्या घमापुरातल्या शब्दक्लासचे किस्से काढले की बायको म्हणते, झालं, आता भाजी थंड होणार. मी तरी काय करू? हे किस्से मी जमवले नाहीत, आपोआप साचले. एक काढायला जावं तर त्याच्या मागून दोन येतात.

सी.पी.च्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या काळातलं जबलपूर. कचेरीत इंग्रजी येणाऱ्यालाच खुर्ची. म्हणून रिटायर झालेले देवपुजारी मास्तर रोज संध्याकाळी आपल्या ओसरीवर आम्हाला एक अवघड इंग्रजी शब्द शिकवत. आधी जाड्या डिक्शनरीतून व्याख्या, मग प्रत्येकाचं एक वाक्य. त्यात मास्तरांची एक अट होती. वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातला राजा आणि बागेतला माळी चालायचा नाही, स्वतःच्या घरात किंवा कचेरीत घडलेलंच सांगायचं. खोट्या वाक्यातला शब्द अंगी लागत नाही, असं ते म्हणत.

विद्यार्थी आम्ही तिघं. मी, पोस्टातले शर्माजी आणि माझ्याच कचेरीतला बाबूराव वझलवार. बाबूराव टेंपररी होता. पक्कं व्हायला साहेबासमोर इंग्रजीची तोंडी परीक्षा, आणि तिथे याची दातखिळी बसायची. दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला असता तर नोकरीच गेली असती. वर सासऱ्याचा हट्ट, की नोकरी पक्की झाल्याशिवाय मुलगी पाठवणार नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली, बायको अचलपूरला आणि हा गडी इथे खानावळीत. वाईट वाटायचं हो.

* * *

एकदा शब्द आला 'फ्रूगल'. व्याख्या, काटकसरी. बाबूराव खाली मान घालून म्हणाला, "मास्तर फ्रूगल आहेत. चार माणसांना त्यांच्याकडे तीन कप चहा येतो."

वाक्य खरं होतं, मास्तरांना ते चालवून घ्यावं लागलं. आतून मास्तरांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून चार कप येऊ लागले, फक्त थोडे कमी भरलेले.

* * *

मी स्वतः अडकलो तो 'प्रीटेक्स्ट'मध्ये. म्हणजे सबब. मला तेव्हा फार अक्कल आल्यासारखं वाटायचं. मी ठणकावून सांगितलं, की इंग्रजीच्या प्रीटेक्स्टवर मी रोज संध्याकाळचं पाणी भरायचं टाळतो. मास्तर खूश झाले, शाबास म्हणाले.

माझी बायको त्या दिवशी काकूंकडे पापड लाटायला आली होती, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! घरी गेलो तर दारात दोन्ही बादल्या मांडलेल्या. तेव्हापासून मी पाणी भरूनच क्लासला जात असे.

* * *

शर्माजींना मराठी सगळी समजायची, पण बोलत हिंदीत. 'कॅन्डिड' म्हणजे मनात आहे ते स्पष्ट बोलणारा. शर्माजी म्हणाले, "मास्टरजी, साल भर से कैन्डिड हूँ. अब मोहल्ले में कोई राम-राम नहीं करता."

मास्तरांनी त्यांच्या वहीत 'उत्तम' असा शेरा दिला.

* * *

आणि एक दिवस निघाला 'जुबिलंट'. अतिशय आनंदित. मी भाच्याच्या बारशाचं सांगितलं, शर्माजींनी गाय व्यायल्याचं. बाबूराव पेन्सिल धरून नुसता बसून राहिला.

मी म्हटलं, "काहून रे, काय विचार करून राहिला?"

"माह्याकडे या शब्दाचं काहीच झालं नाही, भाऊ," तो म्हणाला.

तेव्हा कोणी हसलं नाही. मास्तर हळूच म्हणाले, जागा सोड, झालं की लिही. बाबूरावच्या वहीत त्या शब्दापुढे कोरी ओळ राहिली. वही मास्तरांकडेच असायची.

* * *

मग आली ती तिसरी परीक्षा. मी फाइली घेऊन तिथेच उभा होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. साहेबाने शब्द दिला 'ऑब्स्टिनेट'. म्हणजे हट्टी, सांगूनही न ऐकणारा. आता गाढव हट्टी आहे म्हटलं असतं तरी सुटका होती. पण बाबूरावला सवय मास्तरांची! ओठ हलतात, आवाज नाही. शेवटी सरळ उभा राहून इंग्रजीत म्हणाला, "सर, तुम्ही ऑब्स्टिनेट आहात. रेकॉर्डरूमचं छप्पर गळतं म्हणून मी तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा तुम्ही न बघताच लिहिलं, गळत नाही."

माझ्या हातातल्या फाइली खाली पडल्या. साहेब लालबुंद झाला. टोपी घालून व्हरांड्यातून तडक रेकॉर्डरूमकडे गेला. बाहेर पाऊस धो धो पडत होता. परत आला तेव्हा टोपी पार भिजली होती. त्याने बाबूरावला हातानेच जायला सांगितलं.

चार दिवस बाबूराव खानावळीत ताट तसंच सोडून उठायचा. माझ्यामुळे नाही गेली नोकरी, खरं बोलल्यामुळे गेली, असं म्हणत बसायचा. मला तर मास्तरांचाच राग आला होता, आणि मी तो बोलूनही दाखवला.

पाचव्या दिवशी लिफाफा आला. उघडायची हिंमत बाबूरावला होईना, म्हणून तो तसाच ओसरीवर घेऊन आला. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. पास. खाली साहेबाने स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिलं होतं, मी ऑब्स्टिनेट होतो.

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "वाक्य खरं आहे काय?"

"सकाळपासून मिस्त्री छपरावर आहेत, मास्तर," बाबूराव म्हणाला.

"मग बरोबर आहे." मास्तरांनी बाबूरावची वही काढून 'जुबिलंट'ची कोरी ओळ त्याच्यापुढे धरली. बाबूरावने पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली. म्हणाला, अजून नाही.

महिनाभराने एका संध्याकाळी आमचा क्लास रंगात आलेला असताना स्टेशनवरून एक टांगा येऊन मास्तरांच्या दारात थांबला. आत एक ट्रंक, एक वळकटी आणि डोक्यावरून पदर घेतलेली बाबूरावची बायको. शेजारी बसलेला बाबूराव एकटाच उतरला, चपला काढून ओसरीवर आला, वही मागितली आणि उभ्याउभ्याच एक ओळ लिहून टांग्यात जाऊन बसला.

मास्तरांनी ती ओळ वाचली आणि वही मिटली. वाक्य खरं आहे काय, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.